पटावरचं अकरावं नाव

तांबडमाळाच्या शाळेत पटावर अकरा मुलं. त्यांतली सोनिया तिसरीत होती, आणि एकदा कानावर पडलेलं विसरणं तिला ठाऊकच नव्हतं. माघातल्या सप्ताहात हनुमंत गुरुजी कीर्तनाला उभे राहिले की ती वीणेकऱ्याच्या पायाशी, अगदी पुढं बसायची. गुरुजींची एक लकब होती. ओळ अर्धी म्हणायची, टाळ थांबवायचे आणि हात पुढं करायचा. राहिलेली अर्धी मुलांनी द्यायची. बाकीची पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत असायची, तोवर सोनियानं ती देऊनही टाकलेली असायची. खणखणीत आणि सुरात.

"कुंडलिकाची पोर म्हंजी मोबाईल हाय बाई," बायका पदराआड हसायच्या. "एकदा भरलं की भरलं."

गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. "देवानं कान दिलेत हिला," असं सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणायचे. त्या म्हणण्यात कपट नव्हतं. चौदा वर्षं ते त्या डोंगरावरच्या शाळेत होते. बदलीची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनीच नको म्हटलं. वस्तीवर कुणाचं वासरू मेलं तरी गुरुजी जाऊन बसायचे.

सोनियाच्या वाचनाची गोष्ट मात्र कानासारखी नव्हती. पावसाळ्याचे दोन महिने ती शाळेत नसायची. आई रत्ना खाली लोकांच्या भातलावणीला, बाप कुंडलिक म्हशींमागं, मग शेरडं आणि रांगता भाऊ सोनियाच्या वाट्याला. ती वाचायची ते बरोबर वाचायची, पण अक्षराला बोट लावून. जोडाक्षर आलं की थांबायची, ते मनात फोडायची, परत जोडायची आणि मग पुढं जायची. चार ओळींना तिला तीन मिनिटं लागायची.

आणि यंदा एकच मिनिट मिळणार होतं.

नियम नवा होता. पडताळणीला बाहेरच्या तालुक्यातलं माणूस येणार. शाळेत नाही, चावडीवर, गावासमोर एकेक मूल उभं करणार, आणि मुलानं न पाहिलेला उतारा मिनिटात वाचायचा. एक मूल जरी मागं राहिलं तरी शाळेचं नाव लाल यादीत. तांबडमाळ मागल्या वर्षी लाल यादीत होतंच. दुसऱ्यांदा आलं तर शाळेला कुलूप लागणार, आणि मुलांनी दीड तासाची उतरण उतरून मार्गासनीला जायचं. पोरगे गेले असते कदाचित. पोरी घरी बसल्या असत्या, हे गुरुजींना माहीत होतं.

कुंडलिकाच्या घरात हाच नियम निराळ्या तऱ्हेनं पोचला. त्याची थोरली बहीण सगुणाबाई शिवऱ्याला असायची. हायवेला चहा-वडापावची टपरी, सून बाळंतीण, नातू तीन महिन्यांचा. पाळणा हलवायला आणि कपबशा विसळायला तिला घरचीच एक पोर हवी होती. ती दिवाळीपासून भावाच्या मागं लागली होती.

"कुंडलिका, तुज्या पोरीला शाळेत येतंय काय? समदं गाण्यातलं. गाणं काय कामाचं? माज्याकडं दे, खाऊनपिऊन ऱ्हाईल."

रत्ना मध्ये पडली. "वन्सं, पोरगी वाचती. म्या रोज ऐकती."

"तू ऐकती! तुला काय कळतंय वाचल्यालं का गायल्यालं?"

कुंडलिकानं तंबाखू मळता मळता तोड काढली. "हे बग अक्का. आता ते चावडीवर वाचन हाय न्हवं? समद्या गावासमोर तिनं वाचलं, तर ऱ्हाईल शाळंत. न्हाई वाचलं तर तुज्यासंगं लावून देतो. मग रत्ने, तू रडायचं न्हाईस."

"न्हाई रडणार," रत्ना म्हणाली.

त्या दिवसापासून सोनिया शेरडांमागंसुद्धा पुस्तक घेऊन जाऊ लागली.

गुरुजींनी तिच्यावर मेहनत घेतली नाही असं नाही. शाळा सुटल्यावर तिला थांबवून घ्यायचे. मोबाईल समोर ठेवून वेळ लावायचे. तीन मिनिटांवरून ती अडीचवर आली. मग सव्वादोनवर. पडताळणीला आठ दिवस राहिले तरी ती दोनच्या खाली येईना. बाकीची दहा तयार होती.

खालच्या एका शाळेतल्या मास्तरांनी फोनवर हसत सांगितलं, "अहो गुरुजी, अकराच्या अकरा कुणाची येतात? वगळायची यादी असते ना. मतिमंद वगैरे. त्यांची गणतीच होत नाही. डॉक्टरांची तपासणी होईल तेव्हा होईल, तोवर शिक्षकाची शिफारस आणि पालकाची सही पुरते. सगळेच एखाददुसरं नाव देतात."

"पण पोर हुशार आहे हो."

"मग दहा पोरांची शाळा घालवा तिच्यापायी."

गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन कुंडलिकाच्या घरी गेले. कुंडलिक रानात होता. रत्ना गोठ्यात शेण भरत होती.

"सोनियाला जास्तीची मदत मिळावी म्हणून वर कळवायचं आहे," गुरुजी म्हणाले. कागदावर वरच्या बाजूला तसं छापलेलंही होतं. "इथं अंगठा द्या रत्नाताई."

"अंगटा कशापायी?" रत्नानं हात धुतले, लुगड्याला पुसले, परत धुतले. "सोनीनं शिकीवलंय मला. आता म्या सही करती."

सोनियानं तिला चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं गिरवायला लावलं होतं, रोज संध्याकाळी, दोन महिने. रत्नानं पेन मुठीत धरला. 'र' सहज आला. 'त्ना' लिहिताना तिनं जीभ दातांत धरली. अक्षर वाकडं झालं, पण झालं. जन्मात पहिल्यांदा ती कागदावर उमटली होती. तिनं वर बघितलं, गुरुजी शाबासकी देतील म्हणून.

गुरुजी म्हशीकडं बघत होते.

शाळेत परत आल्यावर त्यांनी सहीच्या वरची रिकामी जागा भरली. त्यांचं अक्षर फार देखणं होतं.

*

पडताळणीच्या मॅडम आल्या त्या दिवशी सप्ताहाचा पाचवा दिवस. तांबडमाळाला वेगळी चावडी नाही, भैरवनाथाचा सभामंडप हीच चावडी. गेनबा खांबाला टेकून उभ्यानं वीणा वाजवत होते, ती त्यांनी हळू केली. गेनबा शाळा समितीचे अध्यक्षही होते आणि वीणेकरीही.

शेफाली मॅडमांची जीप चढाला दोनदा बंद पडली होती. सकाळपासून त्यांच्या चार शाळा झाल्या होत्या आणि पुढं दोन होत्या. त्यांनी चहा नको म्हटलं, टेबल मागितलं, पाकीट फोडलं.

सगळी वस्ती लोटली होती. सगुणाबाई शिवऱ्याहून टेम्पो घेऊन आली होती, त्याच टेम्पोनं परत जायचं होतं. तिच्या मांडीवर एक रिकामी पिशवी घडी करून ठेवली होती. रत्नाला ती पिशवी कशाला ते कळलं, आणि तिनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं. सोनियाच्या वेण्या तिनं इतक्या घट्ट घातल्या होत्या की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

पहिला पप्पू उभा राहिला. एका दमात वाचून मोकळा झाला, वर "संपलं" असंही म्हणाला. लोक हसले. मग कोमल. मग एकेक करत दहा झाली. कुणी अठ्ठेचाळीस सेकंद, कुणी पंचावन्न. दरवेळी टाळ्या पडत होत्या आणि दरवेळी सोनिया गुडघ्यांवर उठून बसत होती. आता माजं, आता माजं.

मॅडमांनी उतारे पाकिटात परत घातले, पाकिटाला डिंक लावला, यादीत निकाल भरला आणि ती हातात घेतली.

"पटावर अकरा. वाचन पडताळणी दहा, उत्तीर्ण दहा. वगळलेले एक. सोनिया कुंडलिक ढेबे, इयत्ता तिसरी. बौद्धिक अक्षम. पडताळणीतून वगळावे. शाळेचा निकाल शंभर टक्के. अभिनंदन गुरुजी."

टाळ्या कडकडल्या. गेनबांनी "बोला पुंडलिक वरदे" म्हणून हात वर केला आणि मंडपानं विठ्ठलाचा गजर केला. शाळा वाचली होती. कुणीतरी गुरुजींच्या कपाळाला बुक्का लावला.

गजर थांबल्यावर रत्नाचा आवाज ऐकू आला. "आणि सोनी?"

"तिची गणती नाही, बाई," मॅडम म्हणाल्या.

"का न्हाई?"

मॅडमांनी यादीवर पेन ठेवला. "बौद्धिक अक्षम लिहिलंय."

"म्हंजी काय?"

मॅडमना ते गावासमोर सांगायचं नव्हतं. सगुणाबाईला तसं काही नव्हतं. "अगं, म्हंजी डोक्यानं अधू! येडी! गुरुजीनंच लिवलंय म्हनल्यावर!" तिनं हात ओवाळल्यासारखा केला. "म्या दिवाळीपास्नं काय सांगत हुती? कुंडलिका, ऐकलंस का रं?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. "येडी न्हाई गं, मोबाईल. चार्जिंग हाय, पर नेटवर्क न्हाई." त्यावर चांगलाच हशा झाला. पोरंही हसली. पप्पू सगळ्यांत मोठ्यानं हसला, कारण आदल्या दिवशी सोनियानं त्याची चूक दाखवली होती.

रत्ना उठून टेबलाशी आली. "मॅडम, तिला वाचाय उभी करा."

"अहो, पाकीट बंद झालं. आणि तिचं वाचन धरता येणार नाही."

"धरू नगा. नुस्तं वाचू द्या. हिच्या बापानं जबान दिलीया. हितं वाचलं तर ऱ्हाईल शाळंत. काय बी द्या वाचाय. कंचा बी कागद."

मॅडमांनी घड्याळ बघितलं. वाद घालण्यापेक्षा ते लवकर संपलं असतं. हातात होता तोच कागद त्यांनी सोनियापुढं केला. "वाच बाळ."

गुरुजींनी हात पुढं केला, कागद घ्यायला, आणि मग मागं घेतला.

सोनियानं कागद टेबलावर सपाट केला. बोट लावलं. "प… टा… वर. पटावर. अ… क… रा." वीणा तेवढी वाजत होती. ती वाचत गेली. 'उत्तीर्ण'पाशी थांबली. ओठ हलले, परत हलले. "उत्… ती… र्ण." पुढं आपलं नाव आलं तेव्हा ती हसली. "बौ… द्धिक. अ… क्ष… म."

"ह्ये तर आत्ताच मॅडमनी वाचलं की!" सगुणाबाई ओरडली. "ऐकलं आन् बोलली. सप्ताह ऐकून सप्ताह म्हनती, ही चार वळी म्हनायला काय?"

"व्हय व्हय," मागून आवाज आले. "पाठ केलंय."

"पोपट हाय पोपट."

सोनियानं मान वर केली नाही. तिचं बोट खाली सरकलं. यादीच्या खाली शाळेतून आलेला कागद टाचलेला होता, त्यावर गुरुजींच्या हाताच्या दोन ओळी होत्या. त्या मॅडमांनी वाचल्या नव्हत्या. एवढं कुणी वाचत नाही.

"मु… लीस. मुलीस. अ… क्ष… र. अक्षर… ओळख… नाही. वाचता… ये… त… नाही. पा… लक… स… ह… मत… आहेत." ती थांबली. मग बोट आणखी खाली गेलं, आणि पोरगी टेबलावरून वर बघत म्हणाली, "आये, ही तुजी सही."

मंडपात कुणाला काही कळलं नाही. खालच्या दोन ओळी तिथं आहेत हे एकट्या गुरुजींना माहीत होतं. मॅडमांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. बघून झाल्यावर गुरुजींकडं बघितलं. गुरुजींच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकावर ओघळला होता.

"आये, तू का गं सही केलीस? म्या वाचती की."

रत्ना मॅडमांच्या हातातल्या कागदाकडं बघू लागली.

कुंडलिक खांबापासून पुढं आला. आधी बायकोकडं वळला. "तू लिवून दिलंस? आन् मला सांगितलं न्हाईस?"

"मला ठावं न्हवतं ओ काय लिवलंय…"

"सही आली म्हून नाचत हुतीस न्हवं घरभर?" त्यानं तिचा दंड धरून बाजूला केलं आणि गुरुजींपुढं हात जोडले. हा माणूस गुरुजींच्या कीर्तनात रडायचा. "गुरुजी, म्या अडाणी. मला न्हाई कळत. ही म्हनती वाचलं, अक्का म्हनती ऐकल्यालं बोलली. तुमी सांगा. तुमी म्हनाल त्ये खरं. पोरीनं वाचलं का न्हाई?"

एवढा वेळ वीणेवर फिरणारं गेनबांचं बोटही थांबलं.

गुरुजींनी शाळेकडं बघितलं. मंडपातून ती दिसायची. पत्रा, घंटा, भिंतीवर त्यांनीच रंगवलेली बाराखडी. मॅडमांच्या हातातल्या टॅबकडं बघितलं. दहा पोरांच्या आया समोर बसल्या होत्या. मग त्यांनी सोनियाच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमी ठेवायचे तसाच.

"देवानं कान दिलेत हिला," ते म्हणाले.

"म्या वाचलं!" सोनिया किंचाळली. "गुरुजी, म्या बोट लावून वाचलं! तुमचंच अक्षर हाय! मॅडम, तुमी बगितलं न्हवं? खालचं तुमी न्हवतं वाचलं, म्या वाचलं!"

मॅडमांनी कागदाची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. "पुढच्या शाळेला उशीर होतोय," त्या म्हणाल्या, आणि टॅबवर बोट टेकवलं. हिरवी बरोबरची खूण आली. "निकाल गेला वर. आता काही बदलत नाही." जीपपर्यंत त्या मागं न बघता गेल्या.

"झालं समाधान?" सगुणाबाईनं पिशवी झटकून उलगडली. "चल गं. पाळणा हलवाय अक्षर लागत न्हाई."

"वन्सं, आजचा दिस ऱ्हाऊ द्या. सप्ताह हाय. काला होऊ द्या," रत्ना म्हणाली.

"टेम्पोवाला थांबणार हाय व्हय कालापत्तूर?"

सोनियाचे दोन झगे आणि एक स्वेटर पिशवीत गेला. पुस्तक तिनं स्वतः आत घातलं. सगुणाबाईनं ते काढून पायरीवर ठेवलं. "वजन कशाला." शेजारच्या एका बाईला कळवळा आला, तिनं पोरीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला आणि समजूत घातली, "जा बाळ. गुरुजी काय वाईट करतील व्हय आपलं?"

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी सोनियाचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. यादीतल्या ओळी म्हणत होती, जोरजोरानं, एकही शब्द न चुकता. बौद्धिक अक्षम. पडताळणीतून वगळावे. वळणावर उभे असलेले लोक हसून म्हणाले, "बगा, झालं ना पाठ?"

*

संध्याकाळी गुरुजींचा सत्कार झाला. गेनबांनी शाल पांघरली, नारळ दिला. "ह्या मानसानं आपली शाळा वाचीवली," ते म्हणाले, आणि त्यात काहीच खोटं नव्हतं. दहा पोरांच्या आया एकेक करून गुरुजींच्या पाया पडल्या. रत्ना घरी बसली असती तर लोक बोलले असते, आणि कुंडलिक तर बोललाच असता. म्हणून ती आली आणि बायकांच्या शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसली.

मग गुरुजी कीर्तनाला उभे राहिले.

आवाज लागला. मृदंगावर हात फिरला. देव कसा आईपेक्षा मायाळू आहे, हरवलेलं लेकरू कसं शोधत येतो, रांगत्या पोराचं बोट कसं धरतो, हे गुरुजी सांगू लागले आणि मंडप डोलू लागला. म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. अशा गोडीचं कीर्तन त्यांनी पूर्वी केलं नव्हतं, असं पुढं लोक बरेच दिवस सांगत होते.

अर्ध्या ओळीवर गुरुजींनी सवयीनं टाळ थांबवले आणि हात पुढं केला.

वीणेकऱ्याच्या पायाशी जागा मोकळी होती. पप्पूनं कोमलकडं बघितलं. कोमलनं पप्पूकडं. कुणालाच पुढचं येत नव्हतं. आजवर कुणाला यावं लागलंच नव्हतं.

गुरुजींचा हात तसाच राहिला. तोंड उघडं होतं, पण राहिलेली अर्धी ओळ त्यांच्याही तोंडून निघेना. मृदंगवाल्यानं एक ठेका धरला, सोडला, परत धरला.

"कंठ दाटला गुरुजींचा," गेनबा शेजारच्याला हळूच म्हणाले आणि उपरण्यानं स्वतःचे डोळे टिपले. "बगा, किती जीव हाय पोरांवर."

मंडप वाट बघत होता.

मागं भिंतीपाशी बसलेल्या रत्नाला ती अर्धी ओळ येत होती. चुलीमागं 'त्ना' गिरवताना सोनिया रोज तीच म्हणायची. रत्नानं पदराचं टोक दातांत धरलं, आणि ओळ दिली नाही.